जुन्या अकूस्टिक गिटारीची दर मोसमात परतणारी तक्रार: नागपूरच्या हवेत तिचे निदान आणि उपाय

वर्षानुवर्षे रंगमंचावर वाजत आलेल्या जुन्या अकूस्टिक गिटारीबाबत नागपुरात एक तक्रार ठरावीक क्रमाने कानावर येते. गणेशोत्सवाच्या सुमारास वादक सांगतो की तारा फिंगरबोर्डपासून, म्हणजे मानेवरील बोटे दाबण्याच्या पट्टीपासून, उंच गेल्या आहेत, बार कॉर्ड (एकाच बोटाने सर्व तारा दाबून धरायचा कॉर्ड) दाबताना बोटे दुखतात आणि वरच्या फ्रेटवर (मानेवरील धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) सूर चढा लागतो. कारागीर सॅडल, म्हणजे ब्रिजवरील तारा टेकणारी लहान पट्टी, घासून तारा खाली आणून देतो आणि दिवाळी पहाट व नाताळचे कार्यक्रम बरे पार पडतात. मग एप्रिल-मेच्या लग्नसराईत तीच गिटार झणझणू लागते, तारा फ्रेटवर आपटतात, म्हणून सॅडलखाली जाड कागदाचा तुकडा सरकवला जातो. आणि जुलै उजाडला की तारा पुन्हा उंच. असे काही मोसम गेले की गिटार आता म्हातारी झाली, असा निष्कर्ष निघतो. माझ्या मते हा निष्कर्ष बहुतेक वेळा घाईचा असतो. दोष गिटारीच्या वयात कमी आणि दुरुस्ती कोणत्या महिन्यात केली यात जास्त असतो.

याचे कारण लाकडाच्या स्वभावात आहे. लाकूड हवेतील ओलावा घेते आणि सोडते, पण ते रेषांच्या दिशेने जवळजवळ बदलत नाही आणि रेषांना आडवे मात्र फुगते वा आकसते. पावसाळ्यात दार चौकटीत अडकते ते याचमुळे. गिटारीची समोरची फळी, बहुधा स्प्रूसची आणि जेमतेम अडीच ते तीन मिलिमीटर जाडीची, कडेने बरगड्यांना, म्हणजे खोक्याच्या बाजूंना, पक्की चिकटवलेली असते. तिला आडवे पसरायला जागा नसल्यामुळे ओलावा वाढला की ती वर फुगते, तारा अडकवलेला लाकडी ब्रिज तिच्यासोबत वर येतो आणि तारा उंच होतात. हवा कोरडी झाली की फळी खाली बसते, ब्रिज उतरतो आणि तारा फ्रेटना लागू लागतात. गिटार बनवणारे कारखाने साधारणपणे ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता आदर्श मानतात. नागपुरात पावसाळ्यातील सकाळी ८० टक्क्यांच्या वर आणि मे महिन्यातील दुपारी २० टक्क्यांच्याही खाली आर्द्रता जाते. म्हणजे आदर्श पट्ट्यातून आपली हवा वर्षातून दोनदा, तेही घाईघाईने, पुढे निघून जाते. किनाऱ्यावरच्या शहरातील वादकाला प्रामुख्याने एकाच टोकाशी झुंजावे लागते, आपल्याला दोन्हींशी.

येथे एक अपवाद आधीच सांगितला पाहिजे. आपल्याकडे विकल्या गेलेल्या अनेक जुन्या स्वस्त गिटारींची समोरची फळी प्लायची असते. प्लायमध्ये थरांच्या रेषा एकमेकींना आडव्या असल्यामुळे ती ऋतूंना फारशी दाद देत नाही. ध्वनिछिद्राच्या कडेला पाहावे: लाकडाच्या रेषा वरून कडेत सलग उतरत असतील तर फळी सलग लाकडाची, आणि कडेला थर दिसत असतील तर प्लायची. प्लायच्या गिटारीत तारांची उंची सतत एकाच दिशेने वाढत असेल तर हवेला दोष देऊ नये. तेथे मान पुढे ओढली जात आहे किंवा ब्रिज उखडतो आहे, आणि त्याचा विचार पुढे केला आहे.

हात लावण्यापूर्वी मोजणे

निदानाची पहिली पायरी म्हणजे गिटारीच्या पेटीत एक लहान डिजिटल आर्द्रतामापक ठेवणे. स्वस्त मापक बऱ्याचदा चुकीचे आकडे दाखवतात, त्यामुळे त्याची परीक्षा घरीच करावी. बाटलीच्या झाकणात साधे मीठ घेऊन ते चिखलासारखे ओलसर होईल इतकेच पाणी त्यात घालावे, ते झाकण आणि मापक हवाबंद डब्यात रात्रभर ठेवावे. संपृक्त मिठाच्या द्रावणावरील हवेची आर्द्रता सामान्य तापमानाला ७५ टक्के राहते. मापकाने ६९ दाखवले तर त्याच्या आकड्यात ६ मिळवून वाचावे, एवढे साधे ते आहे.

दुसरे, एक वही. महिन्यातून एकदा गिटार नेहमीच्या सुरात लावून तीन गोष्टी लिहाव्यात: पेटीतील आर्द्रता, बाराव्या फ्रेटवर जाड आणि बारीक ई तारांची उंची, आणि मानेचा बाक. उंची स्टीलच्या पट्टीने फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजावी. जाड तारेला साधारण २.४ आणि बारीक तारेला १.८ मिलिमीटर ही बहुतेकांच्या हाताला मानवणारी मापे आहेत. मानेचा बाक पाहण्यासाठी पहिल्या फ्रेटवर कॅपो (सर्व तारा दाबून धरणारा चिमटा) लावावा, मान आणि खोके जिथे मिळतात तो फ्रेट, बहुधा चौदावा, उजव्या हाताने दाबावा आणि सहाव्या-सातव्या फ्रेटपाशी तारेखाली किती फट उरते ते पाहावे. फीलर गेज (फट मोजण्याच्या पातळ पात्यांचा संच) नसेल तर छपाईचा साधा कागद वापरता येतो. त्याची जाडी ०.१ मिलिमीटरच्या आसपास असते. एक ते अडीच कागदांची फट योग्य समजावी. फट मुळीच नसेल तर खालच्या फ्रेटवर झणझण येणारच, आणि व्हिजिटिंग कार्ड सहज सरकत असेल तर मान जास्त वाकली आहे. ऋतूप्रमाणे मान कोणत्या बाजूला झुकते हे प्रत्येक गिटारीत निराळे असू शकते, त्यामुळे या बाबतीत अंदाज बांधू नये.

वहीतील नोंदी एका पावसाळ्यातून आणि एका उन्हाळ्यातून गेल्या की चित्र आपोआप स्पष्ट होते. उंची आर्द्रतेसोबत वरखाली होत असेल तर गिटार निरोगी आहे आणि आपल्याला केवळ हवेचा बंदोबस्त करायचा आहे. आर्द्रता उतरल्यावरही उंची उतरत नसेल तर प्रश्न रचनेचा आहे. दोन्ही परिस्थितींत तक्रार एकच ऐकू येते आणि उपाय मात्र परस्परविरोधी असतात.

झणझण नेमकी कुठून येते

झणझण ऐकू आली की ती कोणत्या फ्रेटवर आहे हे शांतपणे, एकेक तार, एकेक फ्रेट वाजवून शोधावे. मोकळी तारच झणझणत असेल आणि पहिल्या फ्रेटवर दाबल्यावर आवाज स्वच्छ होत असेल तर नटातील, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीतील, खाच खोल झाली आहे. पहिल्या पाच फ्रेटमध्ये झणझण असेल तर मानेत बाक कमी आहे. दहाव्या-बाराव्या फ्रेटच्या पुढे असेल तर सॅडल खाली गेले आहे किंवा फळी बसली आहे. एकाच जागी असेल तर पुढचा एखादा फ्रेट उचलला गेला आहे अथवा दाबलेला फ्रेट झिजला आहे. अनेक वर्षे जी, सी आणि डी कॉर्ड वाजवणाऱ्याच्या गिटारीत पहिल्या तीन फ्रेटवर तारांखाली खळगे पडलेले असतात, आणि ते कोणत्याही ऋतूत जाणार नाहीत.

फळी बसली आहे का, हे पाहण्यासाठी ब्रिजच्या मागे समोरच्या फळीवर आडवी पट्टी ठेवावी. चांगल्या गिटारीची फळी मधोमध किंचित उंचावलेली असते, म्हणून पट्टी मध्यावर टेकते आणि कडांना थोडी डुलते. पट्टी कडांना टेकून मध्ये उजेड दिसला तर गिटार वाळली आहे. मानेच्या कडेने बोट फिरवताना फ्रेटची टोके टोचत असतील तर तेही त्याचेच लक्षण आहे, कारण फिंगरबोर्डचे लाकूड आकसते आणि धातू आकसत नाही. अशा अवस्थेत सॅडल उंच करणे किंवा फ्रेटची टोके घासणे, दोन्ही टाळावे. गिटारीला आधी ओलावा द्यावा. आठवडाभरात फळी वर येते आणि निम्म्या तक्रारी कारागिराकडे न जाताच मिटतात.

काही झणझणींचा तारांशी संबंधच नसतो. खुंटी घट्ट धरणारा सैल झालेला धातूचा नट, पिकअपची (तारांचा आवाज स्पीकरकडे पाठवणाऱ्या साधनाची) फळीला टेकलेली वायर, बॅटरीची सुटलेली क्लिप किंवा आतली सुटलेली पट्टी एखाद्या विशिष्ट स्वरालाच थरथरते आणि वादकाला फ्रेटचा संशय येतो. तो स्वर दुसऱ्याला वाजवायला सांगून आपण एकेक भागावर बोट ठेवत जावे. ज्यावर बोट ठेवताच आवाज थांबेल तो दोषी. आतल्या पट्ट्यांसाठी बोटाच्या पेराने फळीवर हलके ठोकत जावे, सुटलेल्या जागी ठोका पोकळ आणि फुटका येतो.

सॅडल एक नको, दोन हवीत

सलग लाकडाच्या फळीच्या आणि वर्षभर कार्यक्रमात वाजणाऱ्या गिटारीसाठी मी ठामपणे सुचवीन तो उपाय म्हणजे हाडाची दोन सॅडल करून घेणे, एक पावसाळ्यासाठी आणि एक कोरड्या दिवसांसाठी. जगभर ऋतूंचा फरक मोठा असलेल्या ठिकाणचे वादक हे करत आले आहेत. सॅडलची उंची जितकी कमी करू त्याच्या निम्मीच घट बाराव्या फ्रेटवर दिसते, कारण बारावा फ्रेट तारेच्या लांबीच्या बरोबर मध्यावर असतो; उंची अर्धा मिलिमीटरने उतरवायची असेल तर सॅडल एक मिलिमीटर घासावे लागते. वहीत जुलै आणि मे यांच्या नोंदींमध्ये अर्ध्या मिलिमीटरचा फरक असेल तर दोन सॅडलमध्ये एक मिलिमीटरचे अंतर ठेवावे. गणपतीपूर्वी तारा बदलताना बुटके सॅडल बसवावे आणि नाताळनंतर, गारठा सरून हवा कोरडी होऊ लागली की उंच. घासलेले हाड परत वाढत नाही, पण डबीत ठेवलेले दुसरे सॅडल पुढच्या वर्षी जसेच्या तसे कामाला येते.

सॅडलखाली पिझो (दाब ओळखणारा) पिकअप असेल तर एक काळजी घ्यावी. दोन्ही सॅडलचे तळ काचेवर ठेवलेल्या पॉलिश पेपरवर घासून अगदी सपाट केलेले असावेत, नाहीतर सहा तारांपैकी एखादी स्पीकरमधून दबकी आणि एखादी अंगावर येणारी वाजेल. कागदाचे तुकडे सॅडलखाली घालू नयेत याचेही कारण हेच आहे.

ट्रस रॉडने तारांची उंची साधण्याची सवय मात्र सोडावी. मानेतला हा समायोजनयोग्य दांडा गिबसन कंपनीच्या थॅडियस मॅकह्यू यांच्या नावाने १९२३ मध्ये पेटंट झाला आणि त्याचे काम मानेचा बाक नियंत्रित करणे एवढेच आहे. सर्वच जुन्या गिटारींत तो असतोही असे नाही. मार्टिनसारख्या नामांकित कंपनीने आपल्या गिटारींत समायोजनयोग्य दांडा १९८५ पासून बसवला. असेल तर एका वेळी पाव फेऱ्याहून कमी फिरवावा आणि पुन्हा सुरात लावून मोजावे. दांडा अडला तर जोर करू नये.

कूलर, गाडी आणि सभागृह

नागपूरच्या घरात उन्हाळ्यात गिटारीचा सर्वांत मोठा शत्रू ऊन नसून खोलीतला कूलर असतो, हे अनेकांना पटत नाही. वाळ्याच्या ओल्या ताट्यांतून येणारी हवा थंड असतेच, पण ती ओलावाही घेऊन येते. कूलर चालू असताना खोलीतील आर्द्रता सहज ६० टक्क्यांपलीकडे जाते आणि बंद केला की काही तासांत खोली पुन्हा कोरडी होते. रोजच्या या चढउताराने फळीचे सांधे थकतात. भिंतीवरच्या खुंटीला टांगलेली गिटार छान दिसते, पण मार्चपासून तिची जागा बंद पेटीत, आणि पेटीची जागा कूलर नसलेल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीपासून दूर. पेटीत भोके पाडलेल्या साबणदाणीत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज ठेवावा. पाणी टपकता कामा नये. पावसाळ्यात स्पंज काढून सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या वेळोवेळी वाळवून घ्याव्यात.

नवतप्याच्या दिवसांत, म्हणजे २५ मेच्या पुढे, उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीच्या आत तापमान ६० अंशांपलीकडे जाऊ शकते. त्या उष्णतेत गिटारीचा सरस नरम पडू लागतो, आणि तारांचा ताण मात्र कायम असतो. १२ क्रमांकाचा (क्रमांक तारांची जाडी सांगतो) संच पूर्ण सुरात असताना मानेवर आणि ब्रिजवर साधारण ७० ते ७५ किलोचा ओढा असतो. ब्रिज उखडण्याच्या घटना उन्हाळ्यात घडतात त्या याच वेळी, कार्यक्रमाच्या वाटेवर जेवायला थांबलेल्या गाडीच्या डिकीत. गिटार सोबत खाली उतरवता येत नसेल तर निदान तारा दोन-तीन स्वर खाली सोडाव्यात. जुन्या गिटारीला १० क्रमांकाचा संच लावला तर ओढा सुमारे ६० किलोवर येतो. आवाज थोडा पातळ होतो, पण माइक आणि पिकअपवर वाजवणाऱ्याला ते सांभाळून घेता येते. तारा हलक्या केल्यावर मानेचा बाक कमी होतो, त्यामुळे तो पुन्हा मोजावा लागेल.

सिव्हिल लाइन्सचे वसंतराव देशपांडे सभागृह असो की रेशीमबागेतील कविवर्य सुरेश भट सभागृह, वातानुकूलित रंगमंचावर पोहोचल्यावर पेटी लगेच उघडू नये. अर्धा-पाऊण तास पेटी बंदच ठेवून आतील हवा सावकाश बदलू द्यावी. दिवाळी पहाटेचा प्रश्न उलटा असतो: उबदार घरातून मैदानातील पहाटेच्या गारव्यात आलेल्या पोलादी तारा आकसतात आणि सूर चढतो, मग ऊन वर आले की तोच सूर उतरतो. अशा कार्यक्रमात दर दोन-तीन गाण्यांनी सूर तपासण्याला पर्याय नाही.

सूर वारंवार उतरत असेल तर खुंट्या बदलण्याआधी नट पाहावा. सूर लावताना 'टक्' असा आवाज येऊन तार एकदम चढत असेल तर ती खाचेत अडकते आहे; खाचेत पेन्सिलचे शिसे घासले की बहुधा काम भागते. आरशाचा तुकडा आणि मोबाइलचा उजेड ध्वनिछिद्रातून आत धरून ब्रिजखालची पट्टीही पाहावी. दशकानुदशके तारा बदलल्याने तिची छिद्रे मोठी झालेली असतात आणि तारेचा गोळा त्यात वर सरकत राहतो, त्यामुळे नवी तार कितीही ताणली तरी स्थिरावत नाही. हार्मोनिअम साथीला असेल तर ट्यूनरवर ४४० हर्ट्झ हा आधारस्वर हट्टाने धरू नये. हार्मोनिअमचा सूर रंगमंचावर बदलता येत नाही. तिची काळी किंवा पांढरी पट्टी ऐकून ट्यूनरचा आधारस्वर ४४१ किंवा ४४२ करावा आणि गिटार तिला मिळवावी. अर्धा तास गिटारीला नावे ठेवून शेवटी दोष या एका आकड्यात निघतो, असे बऱ्याचदा होते.

स्पीकरमधून येणाऱ्या तक्रारी

मंचावर गिटार घुमू लागली की साउंडवाले भाऊ बेस पूर्ण उतरवतात आणि गिटार पत्र्यासारखी वाजते. घुमण्याचे मूळ खोक्यातील हवेच्या स्वतःच्या कंपनात असते. मोठ्या खोक्याच्या गिटारीत ते साधारण १०० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे जाड ई तारेवरील जी आणि मोकळी ए तार यांच्या मधोमध पडते. त्यामुळे आधी ध्वनिछिद्राला रबरी झाकण लावावे, प्रीअँपवर (पिकअपचा आवाज वाढवणाऱ्या साधनावर) फेजचे, म्हणजे ध्वनिलहर उलटी करणारे, बटण असल्यास ते फिरवून पाहावे, मॉनिटर (वादकासमोरचा स्पीकर) छिद्राच्या रेषेतून बाजूला करावा, आणि एवढे करूनही घुमत असेल तर भाऊंना नेमकी १०० हर्ट्झजवळची अरुंद पट्टी उतरवायला सांगावे. रबरी झाकणाचा एक जास्तीचा लाभ असा की खोक्यातील ओलावाही सावकाश बदलतो.

आवाज पातळ आणि खरखरीत येत असेल, आणि पिकअप बॅटरीविना चालणारा जुना पिझो असेल, तर तो थेट मिक्सरच्या लाइन इनपुटात जोडला आहे का ते पाहावे. पिझोला निदान १० लाख ओहमचे इनपुट हवे असते आणि मिक्सरचे लाइन इनपुट साधारण १० ते २० हजार ओहमचे असते, त्यामुळे खालचे स्वर वाटेतच गळतात. मध्ये प्रीअँप किंवा योग्य डीआय बॉक्स (गिटार आणि मिक्सर जुळवून देणारी पेटी) टाकला की गिटार बदलल्यासारखी वाटते. लॉनवरील लग्नात दिव्यांचे डिमर, कूलरच्या मोटारी आणि साउंड एकाच जनरेटरवर असतात, तेव्हा ५० हर्ट्झची घुरघुर येते. डीआय बॉक्सवरील ग्राउंड लिफ्ट (आवाजाच्या केबलची ग्राउंडची जोडणी तोडणारा खटका) वापरावा, पण प्लगची अर्थिंगची पिन तोडण्याचा सर्रास चालणारा उपाय जिवावर बेतू शकतो, तो कदापि करू नये.

कारागिराकडे केव्हा जावे

ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकत असेल तर सॅडल, ट्रस रॉड, तारा, सर्व बाजूला ठेवून तारा ताबडतोब सैल कराव्यात आणि ब्रिज पुन्हा चिकटवून घ्यावा. फ्रेटवर लांब सरळ पट्टी ठेवून ती ब्रिजच्या माथ्याला टेकण्याऐवजी त्याच्या समोरच्या कडेवर खाली आपटत असेल, आणि सॅडल घासून आधीच बुटके झाले असेल, तर मानेचा कोन बदलला आहे आणि मान काढून पुन्हा बसवणे हाच उपाय उरतो. हे खर्चिक काम आहे. साध्या गिटारीत ते परवडत नाही, हे मान्य केले पाहिजे.

फळी झिजून पातळ होणे किंवा तिला भोक पडणे ही मात्र वाटते तितकी घातक गोष्ट नाही. अमेरिकन गायक विली नेल्सन यांची १९६९ मध्ये घेतलेली मार्टिन एन-२० ही नायलॉन तारांची, बोटांनी वाजवण्यासाठी केलेली गिटार आहे. तिला पिकगार्ड (फळीला ओरखड्यांपासून वाचवणारी पट्टी) नाही आणि नेल्सन ती पिकने वाजवतात, त्यामुळे ब्रिजजवळ तिला मोठे भोक पडले आहे. तरीही ती दशकानुदशके मंचावर राहिली, कारण ऑस्टिनचे कारागीर मार्क अर्लवाइन तिची नियमित तपासणी करून आतल्या पट्ट्या आणि फळी सांभाळत आले. आपल्या गिटारीत तडा दिसला तर तो लाकडाच्या रेषेतून गेला आहे का पाहावे. कोरड्या हवेतला असा तडा ओलावा दिल्यावर बंद होतो आणि तेव्हाच तो चिकटवून आतून लहान पट्टी लावता येते. उघड्या अवस्थेत त्यात भर घातली तर पावसाळ्यात फळी फुगायला जागा उरत नाही.

मोठी कामे, म्हणजे मान बसवणे, फ्रेट बदलणे, ब्रिज चिकटवणे, दसरा झाल्यापासून फेब्रुवारीपर्यंत करून घ्यावीत, जेव्हा गिटारीची आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास स्थिर ठेवणे सर्वांत सोपे असते. कारागिराकडे देताना वहीतील मागच्या वर्षाच्या नोंदींचे पान सोबत द्यावे आणि गिटार परत घेताना त्या दिवशीची आर्द्रता व उंची त्याच पानावर त्याच्यासमोर लिहून घ्यावी.